गावाचा इतिहास आणि गावाची भाषा : नांदेड-लातूर परिसरातील स्थानिक इतिहासलेखनाविषयी

मराठवाड्यात गावोगावचे इतिहास लिहिण्याची प्रवृत्ती गेल्या काही दशकांत बरीच वाढली आहे. शाळेचा सुवर्णमहोत्सव, देवळाचा जीर्णोद्धार, मुक्तिसंग्रामाचा अमृतमहोत्सव अशा निमित्तांनी निघालेल्या स्मरणिका, निवृत्त शिक्षकांनी पदरमोड करून छापलेल्या पुस्तिका आणि विद्यापीठीय पदव्यांसाठी सादर झालेले प्रबंध असे या लेखनाचे स्थूलमानाने तीन प्रकार पडतात. नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांविषयीचे असे लेखन प्रस्तुत लेखकाने जमेल तसे वाचले आहे. त्यामागील तळमळीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु हे लेखन शेजारी शेजारी ठेवून वाचू लागले म्हणजे एक चमत्कारिक अनुभव येतो : गावे निराळी, पण इतिहास एकच. प्रारंभी गावाच्या नावाची पौराणिक व्युत्पत्ती. नंतर राष्ट्रकूट किंवा चालुक्य यांचा वैभवकाळ. मग चारपाचशे वर्षे एका वाक्यात ओलांडून एकदम १९४८. आणि शेवटी यात्रा, देवस्थाने व गावची कर्तबगार मंडळी. नावे बदलली तर एका गावची पुस्तिका दुसऱ्या गावास सहज लागू पडावी!

याचे कारण सामान्यतः साधनांचा अभाव असे सांगितले जाते. मला ते पटत नाही. साधने आहेत, किंबहुना इतर पुष्कळ प्रदेशांपेक्षा ती येथे अधिक विविध आहेत. उणीव आहे ती भाषांची. या परिसराचा इतिहास कन्नड, संस्कृत, फारसी, उर्दू, मोडी मराठी, दखनी, गोरमाटी आणि गोंडी इतक्या भाषा-लिपींत विखुरलेला आहे, आणि आपण तो केवळ छापील देवनागरी मराठीत वाचावयास बसलो आहोत. जे या एका खिडकीतून दिसते तेवढाच इतिहास, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. भाषेच्या अभ्यासकाने इतिहासकारांच्या शेतात पाय का टाकावा, या प्रश्नाचे उत्तर यातच आहे.

प्रथम ग्रामनामांचा विचार करू, कारण प्रत्येक पुस्तिकेचे पहिले पान त्यांनीच भरलेले असते. लातूर म्हणजे 'रत्नापूर', उदगीर म्हणजे 'उदयगिरी', माहूर म्हणजे 'मातापूर', नांदेड म्हणजे 'नंदिग्राम' अशी समीकरणे आपल्याकडे रूढ आहेत. नांदेडवरून जाणाऱ्या एका आगगाडीलाही नंदिग्राम हेच नाव मिळाले आहे. आता लातूरचे उदाहरण घेऊ. राष्ट्रकूट राजांच्या व पुढे रट्टांच्या लेखांत 'लट्टलूर', 'लत्तलूर' नगराचे स्वामी अशी बिरुदावली येते, आणि हे नगर म्हणजे आजचे लातूर, हे मत बहुतेक विद्वानांनी मान्य केले आहे. 'लत्तलूर' पासून 'लातूर' होण्यास काहीच अडचण नाही : 'सत्त' चे 'सात' व्हावे त्याप्रमाणे जोडाक्षर सुटून आधीचा स्वर दीर्घ झाला आणि पुढे दोन लकारांपैकी एक गळाला. शेवटचा 'ऊर' हा तर उघडच द्राविडी ग्रामवाचक शब्द होय. तोच देगलूरमध्ये आहे, आणि तेथे पूर्वपदही कन्नड 'देगुल', म्हणजे देऊळ, असे मानता येते. 'रत्नापूर' हे रूप या मार्गावर कोठेच भेटत नाही. ते स्थलमाहात्म्यातून आले.

तथापि माहात्म्यातील व्युत्पत्ती खोटी म्हणून केराच्या टोपलीत टाकावी, असे मी म्हणणार नाही. गाव कसे झाले याचा ती पुरावा नव्हे. परंतु गावाने स्वतःविषयी काय मानावयाचे ठरविले याचा ती उत्तम पुरावा आहे. ज्या काळी कन्नड 'ऊर' लोकांना परका वाटू लागला आणि संस्कृत 'पूर' प्रतिष्ठेचा वाटू लागला, त्या काळाची ती खूण होय. आमच्या पुस्तिकाकारांची चूक एवढीच की ते या दोन प्रकारच्या पुराव्यांत भेद करीत नाहीत.

नांदेडचे प्रकरण याहून नाजूक आहे. वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याच्या वाशीम येथे सापडलेल्या चौथ्या शतकातील ताम्रपटात 'नांदीकड' या स्थळाचा प्राकृतात निर्देश येतो, आणि वा. वि. मिराशी यांनी ते नांदेड ठरविले. 'नांदीकड' मधील दोन स्वरांमधला ककार लोपून 'नांदीअड' आणि त्यावरून 'नांदेड' ही उपपत्ती निर्दोष आहे. पण लोकांत रूढ असलेल्या 'नंदितट' पासूनही ध्वनिनियमांनी 'नांदेड' सिद्ध होऊ शकते! तकारही त्याच रीतीने लोपतो आणि टकाराचा डकार होतो. म्हणजे केवळ ध्वनिनियमांवर भिस्त ठेवणारा अभ्यासक येथे निर्णय देऊ शकत नाही. सर्वांत जुन्या लेखातील रूप पाहूनच त्यास बोलावे लागते. व्युत्पत्ती हा तर्काचा खेळ नसून दप्तराचा विषय आहे, हे विद्यार्थ्यांस शिकविण्यासाठी मला याहून चांगले उदाहरण माहीत नाही.

देगलूर तालुक्यातील होट्टल या गावाने मात्र सर्वांत मोठा धडा दिला आहे. तेथील चालुक्यकालीन मंदिरे आता प्रसिद्ध आहेत. या गावाचे प्राचीन नाव 'पोट्टल', 'पोट्टलनगरी' असे सांगितले जाते, आणि गावच्या वैभवाचे वर्णन करताना ते सर्वजण उद्धृत करतात. पण 'प' चा 'ह' कसा झाला, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. मराठीत शब्दारंभीच्या पकाराचा हकार होत नाही. आपले पाणी पाणीच राहिले, पान पानच राहिले. हा बदल कन्नडचा आहे : जुन्या कन्नडातील 'पाल्', म्हणजे दूध, ते आजच्या कन्नडात 'हालु' झाले. स्थूलमानाने दहाव्या शतकापासून चौदाव्या शतकापर्यंत हे ध्वनिपरिवर्तन कन्नडात घडले. तेव्हा 'पोट्टल' चे 'होट्टल' होण्यासाठी, शिलालेख कोरणारे राजे गेल्यानंतरही, हे नाव कित्येक पिढ्या कन्नड बोलणाऱ्यांच्या तोंडी असले पाहिजे. लेखातील भाषा ही राजदरबाराची असू शकते. ती गावाची होती असे त्यावरून म्हणता येत नाही. पण नावातला हा एक हकार मात्र गावाच्या बोलण्याची साक्ष देतो. चालुक्यांच्या दानपत्रापेक्षा सामान्य लोकांविषयीचा हा पुरावा अधिक मोलाचा नव्हे काय? आणि तो जतन करण्यासाठी ना पुरातत्त्व खात्याचा फलक लागला, ना निधी. गावकऱ्यांनी नाव उच्चारीत राहणे एवढेच पुरेसे झाले.

या दृष्टीने १९६८ साली नांदेडच्या यशवंत महाविद्यालयाने प्रसिद्ध केलेला नांदेड जिल्ह्यातील कोरीव लेखांचा इंग्रजी संग्रह पुन्हा अभ्यासावा, असे मी आग्रहाने सांगेन. श्रीनिवास रित्ती व शेळके हे त्याचे संपादक. रित्ती हे धारवाडच्या परंपरेतील लेखविद्येचे पंडित. एका जिल्ह्यातील महाविद्यालयाने, विद्यापीठाने नव्हे, परभाषेतील तज्ज्ञास सोबत घेऊन आपल्या परिसराचे लेख छापावेत, ही त्या काळच्या नांदेडची मोठी गोष्ट होती. तत्पूर्वी पाच वर्षे, १९६३ साली, शं. गो. तुळपुळे यांचा 'प्राचीन मराठी कोरीव लेख' हा ग्रंथ पुण्यात प्रसिद्ध झाला होता, आणि मराठीच्या प्रत्येक विभागात तो पाठ्य झाला. नांदेडच्या संग्रहाच्या वाट्यास ते भाग्य आले नाही. कारण उघड आहे : त्यातील लेख मुख्यतः कन्नड आणि संस्कृत. मराठीच्या विद्यार्थ्यास ते आपले वाटले नाहीत, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याने त्यांतील राजांची नावे तेवढी उचलली. गावांची, शेतांची, मापांची, पेठांची नावे जागच्या जागीच राहिली. आपल्या मातीतील कन्नड लेख वाचावयास धारवाडच्या पंडितास बोलवावे लागले, याचा कमीपणा वाटण्याचे कारण नाही; त्यानंतर इतक्या वर्षांत आपल्यापैकी कोणी ते शिकून घेण्याची सोय केली नाही, याचा मात्र वाटावा.

आता त्या एका वाक्यात ओलांडलेल्या शतकांकडे वळू. निजामी राजवटीस 'अंधारयुग' म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. तेथे अंधार आहे खरा, परंतु त्यातील काही भाग आपण डोळे मिटल्यामुळे आहे. मुक्तिसंग्रामाविषयी आपल्याकडे चांगले लेखन झाले. अनंत भालेराव यांचा 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' हा ग्रंथ आजही पहिल्या प्रतीचा मानावा लागतो. उमरीची बँक किंवा उदगीरजवळचे हत्तीबेट ही नावे येथील शाळकरी मुलांनाही ठाऊक असतात. पण या संग्रामाच्या आधी त्याच गावात शेतसारा कसा आकारला जात होता, जमीन दिवाणीत होती, सर्फ-ए-खासमध्ये होती, पायग्यात होती की जहागिरीत, याविषयी त्याच पुस्तिका मूक असतात. ती माहिती फारसीत, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून उर्दूत आहे. कंधार, उदगीर, औसा येथील किल्ल्यांवरील फारसी लेख तर उघड्यावर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर आहेत. हैदराबाद संस्थानाचे पुरातत्त्व खाते १९१४ साली सुरू झाले आणि गुलाम यझदानी यांच्या हाताखाली त्याने लेख छापण्याचे मोठे काम केले. तेही आम्ही चाळीत नाही.

भाषा न येण्याने काय होते याचा एक मासला पाहा. 'माली पाटील' हे आडनाव या भागात सर्वत्र आढळते. त्याचा संबंध 'माळी' या जातीशी जोडण्याचा मोह नवख्यास होतो. वास्तविक हा 'माल' म्हणजे महसूल. महसुलाचे काम पाहणारा तो माली पाटील आणि बंदोबस्ताचे काम पाहणारा तो पोलीस पाटील. एका लकाराचा ळकार केला की हुद्द्याची जात होते! तीच गोष्ट कालगणनेची. निजामी दप्तरात वर्ष फसली असते आणि महिने आजूर, दै, बहमन, इस्फंदार असे इराणी नावांचे. फसली वर्षात ५९० मिळविले म्हणजे स्थूलमानाने इसवी सन येतो. १३०७ फसली म्हणजे १८९७ च्या आसपासचे वर्ष. हा आकडा हिजरी समजून वाचला तर तोच कागद १८९० च्या आसपास जाऊन पडतो. सातआठ वर्षांची ही चूक लहान वाटेल. पण १८९६-९७ हे दुष्काळाचे वर्ष होते हे ज्याला आठवते, त्याच्या लक्षात येईल की अशा चुकीने दुष्काळात विकलेली जमीन सुकाळात विकली गेल्याचे दिसू लागते.

या दप्तरांना अलीकडे अकस्मात महत्त्व आले. मराठा समाजातील कुणबी नोंदींचा शोध घेण्यासाठी सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली, आणि मराठवाड्यातील तहसिलींत, भूमी अभिलेख कार्यालयांत, शाळांत कित्येक वर्षे बांधून ठेवलेली बस्ताने सोडली गेली. मोडी वाचणारे आणि उर्दू वाचणारे यांची शोधाशोध सुरू झाली. पुढे २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटियरलाही पुराव्यात स्थान मिळाले. आरक्षणाच्या प्रश्नाविषयी येथे काही म्हणावयाचे नाही. तो या पत्रिकेचा विषय नव्हे, आणि ज्याच्या घरात त्या नोंदीवर मुलाचा प्रवेश अवलंबून आहे त्याने ती शोधू नये असे कोण म्हणेल? परंतु अभ्यासक म्हणून एक गोष्ट नोंदविणे प्राप्त आहे. लाखो पाने उलटली गेली ती एका शब्दासाठी. शब्द सापडला की पानाची प्रतिमा घेतली जाते. न सापडला तर पान उलटते. त्याच ओळीत पीक कोणते, विहीर किती, कूळ कोण, मृत्यू कशाने झाला, हेही लिहिलेले असते, आणि शेजारच्या ओळीत ज्याचे नाव आहे त्याच्या वंशजांस आजवर कोणी विचारलेले नसते. भाषाभ्यासकास तर 'कुणबी' हा शब्दच त्या त्या ठिकाणी जातीचा वाचक आहे की धंद्याचा, हे त्या रकान्याच्या शीर्षकावरून, लेखनिकाच्या सवयीवरून आणि शेजारच्या नोंदींवरून ठरवावे लागेल. इतक्या मोठ्या प्रमाणावर ही दप्तरे पूर्वी कधी उघडली गेली नव्हती. पुन्हा केव्हा उघडतील हे सांगता येत नाही. एवढ्या अवधीत आपल्या विभागांतून किती जणांनी मोडीचे किंवा उर्दूचे वर्ग पुरे केले, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःस विचारावा.

जेथे कागदच नाही तेथे काय करावयाचे, याचे उत्तर किनवट देते. १९५६ पूर्वी किनवट आदिलाबाद जिल्ह्यात होते. राज्यपुनर्रचनेत ते नांदेडला जोडले गेले, आणि त्याच वेळी नांदेडचा मुधोळ-भैंसा भाग आदिलाबादेस गेला. सीमा अशी सरकली की एकाच गोंड समाजाचा इतिहास दोन राज्यांच्या दोन विद्यापीठांत विभागला गेला, आणि दोघांनीही तो शेजाऱ्याचा समजून सोडून दिला. फ्यूरर-हायमेंडॉर्फ यांनी आदिलाबादच्या राजगोंडांवर १९४८ साली ग्रंथ लिहिला; त्या वेळी मार्लवाई येथे गोंड मुलांसाठी देवनागरी लिपीत गोंडी पाठ्यपुस्तके तयार करण्यात आली. या कामाशी निकटचा संबंध असलेले सेतुमाधवराव पगडी हे निलंग्याचे, म्हणजे आजच्या लातूर जिल्ह्याचे. शिवकालाचे इतिहासकार म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. गोंडी आणि कोलामी यांची व्याकरणे लिहिणारे पगडी मात्र त्यांच्या स्वतःच्या जिल्ह्यातही फारसे कोणास माहीत नाहीत. सरकारी कामावर असताना त्यांनी आदिवासींची भाषा आधी शिकली आणि त्यांच्याविषयी नंतर लिहिले. हा क्रम महत्त्वाचा आहे. गोंड कुळांच्या उत्पत्तीच्या कथा सांगण्याचे काम प्रधान समाजाकडे परंपरेने आले. किकरी या तंतुवाद्यावर ते त्या गातात. आणि गमतीची गोष्ट अशी की प्रधानांची घरची भाषा मराठी. गोंडांचा इतिहास ते गोंडीत सांगतात. म्हणजे एका समाजाचा इतिहास दुसऱ्या समाजाच्या कंठात, आणि सांगणाऱ्याच्या दृष्टीने तो परभाषेत! ग्रंथालयाची ही व्यवस्था आपल्या कोणत्याच सूचीत बसत नाही. सांगणाऱ्याच्या नातवाने गोंडी सोडली म्हणजे ते ग्रंथालय बंद होते, मग गोंड समाज संख्येने कितीही वाढो.

लिपी हरवल्यामुळे इतिहास हरवण्याची ही अवस्था आपल्यापुरतीच नाही. थायलंडात १९२१ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले आणि शाळांतून मध्य थायची लिपी सर्वत्र गेली. उत्तरेकडील विहारांत लान्ना लिपीतील ताडपत्रांच्या पोथ्या होत्या. दोनतीन पिढ्यांत त्या वाचणारे भिक्षूच काय ते उरले. पुढे चिआंग माईच्या विद्यापीठाने विहारांमध्ये जाऊन या पोथ्यांची सूक्ष्मचित्रे घेतली. पोथ्या राजधानीस न हलविता जागच्या जागी ठेवून त्यांची प्रत घेणे ही रीत आपणही उचलण्यासारखी आहे. बँकॉकच्या राजबखरींनाच इतिहास मानण्याविरुद्ध तेथे जी चळवळ उभी राहिली, तिच्यातील एक महत्त्वाचे नाव छत्तिप नात्सुफा यांचे. या अर्थशास्त्रज्ञाने निरनिराळ्या प्रांतांतील वृद्ध ग्रामस्थांना भेटून, त्यांच्या आठवणींवर विसंबून, थाई खेड्याच्या पूर्वीच्या अर्थव्यवस्थेवर १९८४ साली पुस्तक लिहिले. ते गाजले, आणि त्यावर टीकाही झाली. टीकाकारांचे म्हणणे असे की त्यांनी जुने खेडे फार एकजीव, फार स्वयंपूर्ण रंगविले. खेड्यातील आतले वैर, बाजार आणि विषमता त्यातून निसटली.

ही टीका आपल्या गावेतिहासांस अधिक कठोरपणे लागू पडते. छत्तिप यांनी निदान सामान्य शेतकऱ्यास विचारले होते. आपल्या पुस्तिकांतील गाव पाटलाच्या ओसरीवरून दिसते तेवढेच असते. गावाच्या शिवारात 'हाडोळा' किंवा 'हाडकी' नावाची जमीन असते. महार वतनाची ती जमीन. शेताचे हे नाव आजही बोलण्यात आहे, पण गावाच्या छापील इतिहासात ते मला फार क्वचित आढळले. त्याचप्रमाणे १९७८. विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि त्यानंतर या भागात दलित वस्त्यांवर हल्ले झाले. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी येथे पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. नामांतर १४ जानेवारी १९९४ रोजी झाले. रझाकारांच्या अत्याचारांची गावनिहाय यादी देणारी पुस्तिका तीस वर्षांनंतरच्या या घटनांवर येऊन एकदम गप्प होते, तेव्हा ती साधनांअभावी गप्प झाली असे म्हणता येत नाही. ज्यांनी घरे जळताना पाहिली ती माणसे त्याच गावात आहेत. त्यांना विचारणे अवघड आहे एवढेच. आणि विचारणाऱ्याने कोणत्या बोलीत विचारावयाचे, वस्तीत जाऊन की चावडीवर बोलावून, हाही पद्धतीचा प्रश्न आहे. चावडीवर मिळालेले उत्तर चावडीचेच असते.

शेवटी ज्या ठिकाणी हे सर्व प्रश्न एकत्र येतात त्या किल्लारीच्या परिसराविषयी लिहितो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, लातूर आणि उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांच्या सीमेवर भूकंप झाला आणि हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. दगडमातीच्या रुंद भिंती आणि त्यांवर मातीचे जड माळवद ही त्या मृत्यूची कारणे होत. पुढे बावन्न गावे संपूर्णपणे नव्या जागी वसविण्यात आली. या पुनर्वसनाविषयी अभियंत्यांनी, अर्थशास्त्रज्ञांनी, समाजशास्त्रज्ञांनी पुष्कळ लिहिले आहे. भाषेच्या दृष्टीने पाहणी करणाऱ्यास मात्र तेथे एक निराळेच दृश्य दिसते. जुन्या गावाच्या रचनेत नात्यांची आणि जातींची एक भाषा होती. अमुक गल्ली, तमुक वेस, पाराजवळचे घर, असे पत्ते त्या भाषेत सांगितले जात. नव्या गावात सरळ रस्ते आले, आणि जमिनीच्या मानाने तीन वर्गांची घरे आली. पत्ता आकड्यांचा झाला. घराच्या पोटातील शब्दही गेले : ढाळज, माळवद, बळद, पेव. नव्या घरास ढाळज नाही, म्हणून ढाळजेत कोण बसत असे, कोणी तेथूनच माघारी फिरावे असा दंडक होता, हे सांगण्याचा प्रसंगच येत नाही. जुन्या गावात अन्यायाचे जे नियम होते तेही या शब्दांत साठविलेले होते. म्हणून त्यांच्या जाण्याने सर्वांनीच हळहळावे असेही नाही. पुष्कळांना सरळ रस्त्याचे गाव अधिक मानाचे वाटते, आणि त्यांचे ते वाटणे योग्य आहे. पण इतिहासकारास दोन्हीची नोंद हवी.

अशा नोंदीचा नमुना शोधण्यासाठी परदेशी जाण्याचे कारण नाही. महानुभावांची 'स्थानपोथी', जी वि. भि. कोलते यांनी संपादिली, हा त्याचा चौदाव्या शतकातील वस्तुपाठ आहे. श्रीचक्रधरस्वामी जेथे जेथे राहिले त्या स्थानांची नोंद करताना पोथीकाराने देवळाचे दार कोणत्या दिशेस, त्याच्या कोणत्या अंगास काय, हे बारकाईने लिहून ठेवले. वास्तू पडून गेल्या तरी त्यांच्या जागा अभ्यासकांना शोधता आल्या त्या या रोकड्या गद्यामुळे. त्यामागे श्रद्धा होती, पण वर्णनात तिने कोठेही अतिशयोक्ती होऊ दिली नाही. आपल्या पुस्तिकाकारांनी 'वैभवशाली', 'पुरातन', 'जागृत' ही विशेषणे गाळून त्या जागी दिशा आणि अंतर लिहिले तरी निम्मे काम होईल.

किल्लारी, मंगरूळ, तळणी या पट्ट्यात स्थानपोथीच्या रीतीने काम करता येईल. १९९३ मध्ये जो तिशीत होता त्याने आता साठी ओलांडली आहे. ज्याला जुन्या गावची गल्ली न गल्ली ठाऊक होती तो त्या वेळचा प्रौढ गृहस्थ आज ऐंशीच्या घरात आहे. जुन्या गावठाणावर त्याच्याबरोबर चालत जावे, प्रत्येक जागेचे नाव तो उच्चारील तसेच लिहावे, शुद्ध करू नये. कोण सांगतो, कोणत्या आळीतला, स्त्री की पुरुष, हे त्याच कागदावर मांडावे. एकाच जागेची दोन नावे निघाली तर दोन्ही ठेवावीत. बहुधा ती दोन वस्त्यांची निघतील. लातुराकडे 'ढाळज' म्हणतात तेथे नांदेडकडे 'ढेलज' ऐकू येते. कोशाच्या सोयीसाठी त्यांपैकी एक खोडू नये. या कामास अनुदान लागत नाही. एका सत्रात दोन विद्यार्थी आणि एक ध्वनिमुद्रणाचे यंत्र, तेही आता प्रत्येकाच्या खिशात असते, एवढ्यावर एक गावठाण पुरे होईल. पावसाळ्यात बाभळीचे रान माजून जुनी जोती दिसत नाहीत, म्हणून हे काम दिवाळीनंतर घ्यावे. कंधार आणि होट्टल येथील शिलालेखांचे वाचन त्यामागून घेतले तरी चालेल.